पंखा कंपनीच्या रंगाचा हार

उज्जू,

तू गेल्यावर लोक तुझ्याबद्दल जे जे बोलले, त्यातलं निम्मं मला पटलेलं नाही. कुणी म्हणालं, फार शांत होती. कुणी म्हणालं, कधी कुणाला उलट बोलली नाही. मी तुझ्या नवऱ्याशेजारी, प्रशांतशेजारी, सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात येत होतं, ही माणसं नक्की कुणाबद्दल बोलतायत? तू आणि शांत? तळेगावच्या कॉलेजात कँटीनवाल्याशी भज्यांच्या आकारावरून भांडलेली तू. माझ्या लग्नात आमच्या भटजी नसलेल्या, साध्या विधीला नाक मुरडणाऱ्या स्वतःच्याच काकूला, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांदेखत, "काकू, वाढलंय ते गपचूप खा," म्हणणारी तू. मी प्रशांतकडे बघितलं. त्यालाही तेच वाटत असावं. त्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि मग तो रडायला लागला.

तू गेलीस तेव्हा मी कारखान्यात लाइनवर होते. आमच्याकडे मोबाईल लॉकरमध्ये ठेवून आत जायचं असतं, हे तुला माहीत होतं, आणि त्याचा तुला किती राग होता हेही मला माहीत आहे. दुपारच्या सुट्टीत लॉकर उघडला तर प्रशांतचे एकामागून एक मिस्ड कॉल. मला वाटलं, तुझा मोबाईल पुन्हा पाण्यात पडला असेल आणि तू त्याच्या फोनवरून माझ्याशी भांडायला कॉल करत असशील. खरंच हेच वाटलं. उज्ज्वला गेली, हृदय थांबलं, असं तो म्हणाला तरी मी विचारत होते, "कुठे गेली?"

आता महिना होऊन गेला आहे. तरी काही सांगायचं म्हटलं की आधी तूच आठवतेस. म्हणून सांगतेय.

तो रंगाचा गोळा घेऊन तू आमच्या आंबीच्या घरी आलीस, तिथून सगळं सुरू झालं. तेव्हा तू पुण्यातल्या सराफाकडची डिझाइनची नोकरी सोडून लोणावळ्याला, प्रशांतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये परत आली होतीस. "मोर, कमळ आणि कोयरी, बास," असं सांगायचीस सगळ्यांना. "आयुष्यभर मोर काढायला मी जन्मले नाही." माहेरी इंदुरीला चालली होतीस, वाटेत आमच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे थांबलीस, आणि हातात बटाट्याएवढा एक ओबडधोबड गोळा घेऊन दारात उभी राहिलीस. वरून मळकट तपकिरी. तू तो मधोमध करवतीने कापून आणला होतास.

"बघ," म्हणालीस.

आत रेघा होत्या. तपकिरी, हस्तिदंती, पांढरी, मोरपंखी, पुन्हा तपकिरी, एक बारीक शेवाळी, पुन्हा पांढरी. एकावर एक, वाकड्या, दाट, केसाएवढ्या बारीक. मला आधी वाटलं, एखादा दगड असावा, लोक नर्मदेवरून आणतात तसला.

"भंगारवाला हे जाळून आतलं लोखंड काढत होता," तू म्हणालीस. "पंखा कंपनीतून आलेत, असे टांगायचे आकडे ढिगानं पडलेत. सुजाता, हे आहे काय?"

मला ते माहीत होतं. आंबीतल्या कुणालाही माहीत असतं. आमच्या गावाबाहेर पंख्यांचा कारखाना होता, सगळे त्याला पंखा कंपनीच म्हणायचे. पंख्याची पाती, वाट्या, दांडे आकड्यांना टांगलेले असायचे. साखळीवर फिरत फिरत रंगाच्या खोलीतून जायचे आणि मग भट्टीत भाजायला. रंग पात्यांवर बसायचा तसा आकड्यावरही बसायचा, भाजायचा, वर पुन्हा दुसऱ्या दिवशीचा रंग. वर्षानुवर्षं. आकडा फारच जाड झाला की बाजूला फेकून नवा लावायचे. त्या रंगाच्या खोलीत हातात फवाऱ्याची बंदूक घेऊन माझे बाबा उभे असायचे.

मी तुला हे सगळं सांगितलं. बाबा आत कॉटवर पेपर वाचत होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून हळू आवाजात. तुझे डोळे मोठे झाले आणि तू थेट आत गेलीस. मी अडवायच्या आत गोळ्याचा अर्धा भाग त्यांच्या पेपरवर ठेवलास.

बाबांनी तो बघितला. हात लावला नाही.

"कुटनं आनला?"

"भंगारातून. काका, मला याचे दागिने करायचेत."

"कशाचे?"

"या रंगाचे. खडे पाडून, चांदीत बसवून."

बाबांनी तो गोळा पेपरासकट उचलून तुझ्या हातात दिला. "घिऊन जा बाई. आमचं भंगार हाय ते, गळ्यात कशाला घालती." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

तू त्यावर काही बोलली नाहीस. हेच एक तुझं शांत असणं मला आठवतं, आणि तेही दारापर्यंतच टिकलं. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "तुझे बाबा कंपनी बंद झाल्यापासून तिच्याबद्दल कधी बोललेत?"

मी म्हटलं, "नाही."

"तू कधी विचारलंस?"

मी म्हटलं, "जेवायला थांब."

त्यानंतरची वर्षं मी तुझ्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत घालवली, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही. सुट्टी असली की मी लोणावळ्याला. तू पाण्याची बारीक धार सोडून रंगाचे तुकडे घासत बसायचीस. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी प्रशांतच्या जुन्या बनियनचं फडकं. तोंडाला मास्क लाव म्हणून मी ओरडायचे आणि तू तो गळ्यात घालून ठेवायचीस, नेकलेससारखा. चिमटा शोधायचीस आणि तो तुझ्याच केसांत खोवलेला असायचा. चहा थंड करून प्यायचीस. लोणावळ्याच्या दमट हवेत चांदी काळी पडते म्हणून हवेला शिव्या द्यायचीस, आणि त्याच हवेत काळ्या पडलेल्या चांदीत तो मोरपंखी किती उठून दिसतो म्हणून तासाभराने तिचं कौतुकही करायचीस. पहिलं पेंडंट झालं तेव्हा तू ते खिडकीत धरलंस. पाण्यात घातलेल्या शिंपल्यासारखं ओलं दिसत होतं ते. कुणी सांगितलं असतं की हा पंख्याचा रंग आहे, तर मीच विश्वास ठेवला नसता.

मग ते प्रदर्शन. लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, मुंबईहून शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्या लोकांसाठी. तू म्हणालीस, पंखा कंपनीतल्या सगळ्यांना बोलवायचं. मी म्हटलं, नाही. आपलं पहिलं मोठं भांडण ते. तुला वाटलं, मला आमच्या माणसांची लाज वाटते. उज्जू, तसं नव्हतं. कंपनी बंद झाल्यावर बाबांनी कित्येक वर्षं लोणावळ्यातच, तुंगार्लीच्या एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी केली. तुझ्या त्या हॉलमध्ये येणार होते तेच लोक, त्यांच्या गाड्यांसाठी बाबांनी फाटक उघडलेलं. मी तुला हे सांगितलं आणि म्हटलं, "त्यांच्यात नेऊन माझ्या बापाला उभं करू नकोस."

तू म्हणालीस, "मग मी त्यांनाच विचारते."

आणि विचारलंस. मी कामावर असताना एकटीच आंबीला जाऊन. तिथे काय झालं ते मला आईकडून कळलं. तू कॉटपाशी जमिनीवर बसलीस, पिशवीतून पाच-सहा खडे काढून फरशीवर ओळीने मांडलेस. बाबांनी पेपर वाचायचं सोंग केलं. मग पेपर खाली ठेवला. मग कॉटवरून खाली उतरले.

"ह्यो ब्राऊन शेवटचा न्हाई," म्हणाले. "ह्याच्या वर आयव्हरी पायजे. शेवटी आयव्हरी चालू व्हती."

"ही आहे की," तू दाखवलीस.

"लय पातळ हाय."

"का पातळ?"

आणि बाबा बोलायला लागले. गेटवर नोटीस लागली होती, तरी आत आलेली माणसं त्या दिवशीही लाइनवर उभी राहिली, कारण आकड्यांवर पाती टांगलेली होती आणि ती अर्धवट सोडून जायला कुणाचा हात होईना. भट्टीचा गॅस दुपारी बंद केला. एकच हात रंग बसला. ती पाती कुठे गेली, कुणाला माहीत नाही. बाबांनी बंदूक धुतली, नळी गुंडाळून खुंटीला लावली आणि घरी आले. आई म्हणते, हे तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ती दारात भाजी निवडत ऐकत होती, आणि भाजी निवडून झाली तरी उठली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी टेम्पो भरून माणसं आली. बाबा पुढे, ड्रायव्हरशेजारी, इस्त्रीच्या शर्टात. मी भीतीने अर्धी झाले होते. बंगलेवाल्या बायका एका भिंतीला आणि आमची माणसं दुसऱ्या भिंतीला, मधे तुझी काचेची टेबलं. तू मधे उभी, हळद लागलेल्या नवरीसारखी घाबरलेली. मग पॅकिंगमधल्या शांतामावशी पुढे झाल्या, काचेवर नाक टेकवून म्हणाल्या, "अगं, ह्यो तर हिरवा! एकाच दिवाळीला हिरवं पंखं काडलं व्हतं, कुनी घेतलं न्हाईत, समदं परत आलं!" आणि सगळी हसली. मग प्रत्येकाला आपला आपला रंग सापडायला लागला. कुणाचं लग्न पांढऱ्यात झालं होतं, कुणाचा पोरगा मोरपंखीत जन्मला होता. ती भिंतीजवळची माणसं कधी टेबलापाशी आली ते मला कळलंच नाही.

एक बाई बाबांजवळ आल्या. "तुम्ही आमच्या शेजारच्या बंगल्यावर होतात ना? वॉचमनकाका?"

तू माझा हात इतका घट्ट धरलास की तुझी नखं रुतली.

"व्हय," बाबा म्हणाले. "त्येच्या आदी पेंटर व्हतो. तुमी हातात घेतलाय न्हवं, त्यो मीच मारलाय."

बाई हातातल्या पेंडंटकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कोणता? यातला कोणता थर?"

आणि बाबांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून, त्यांना बोटाने दाखवायला सुरुवात केली. मी तिथून बाहेर आले आणि हॉटेलच्या जिन्यात बसून रडले. तू मागून आलीस. मला वाटलं, "बघ, मी सांगत होते," असं म्हणशील. तू म्हणालीस, "समोसे कमी पडणारेत. चल."

उज्जू, यासाठी तुझे आभार मी कधी मानले नाहीत. तुला ते आवडलंही नसतं. बाबा त्यानंतर पुन्हा बोलायला लागले. सतत. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर. कंपनी, कंपनी, कंपनी. आई म्हणते, "पूर्वीच बरं व्हतं, गप तरी ऱ्हायचे." तू त्यांना सदऱ्याची बटणं करून दिलीस, चांदीच्या साखळीतली, प्रत्येक बटणात रंगाचा एक खडा. सगळ्यात वरच्यात ती पातळ हस्तिदंती. तुझ्या अंत्यविधीला ते तोच सदरा घालून आले होते. प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, स्मशानातून सगळे निघाले तरी.

आता आपल्या दुसऱ्या भांडणाकडे येते. ते संपलं नाही.

पंखा कंपनीच्या जागेवर नवा कारखाना आला. जुनी शेड पाडली, चिमणी पाडली, तू मोबाईलवर फोटो काढत कुंपणाबाहेर उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटारी. मी पेढे घेऊन आले तर तू पेढा हातात घेऊन म्हणालीस, "म्हणजे आता तू त्यांच्यातली."

मला राग आला. म्हटलं, "तू बंद पडलेल्या कारखान्याचे दागिने कर. मला चालू कारखान्यात जायचंय. तिथल्या पगारावर माझी पोरगी शिकणार आहे. तुला भंगार सुंदर दिसतं, कारण तुझ्या घरात कुणाची नोकरी गेली नाही."

तू पेढा खाल्लास. आठवडाभर फोन नाही. आणि मग एक दिवस म्हणालीस, "मला आत येऊन बघता येईल?"

परवानगी काढायला मला किती जणांच्या मागे लागावं लागलं ते तुला माहीत आहे. तू टोपी, कोट, बुटांवर प्लॅस्टिक चढवून आलीस आणि गुंडाळणीच्या मशीनसमोर जी उभी राहिलीस ती हलेचना. तांब्याची तार, केसाएवढी, लालसर सोनेरी, फिरत होती. मशीनवर सुदुंबऱ्याहून येणारी पूजा नावाची मुलगी होती. तू तिला विचारलंस, "हे काम आवडतं का?" मला वाटलं, झालं, आता ही नोकरी घालवणार माझी. पूजा म्हणाली, "आवडतं म्हणजे मॅडम, सकाळी घरातून निघायला आवडतं." तू तिच्याकडे बघून अशी हसलीस की तीही हसली.

बाहेर आल्यावर टोपी काढत म्हणालीस, "मला तार पाहिजे. फेकतात ती." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी मूर्खासारखं बोलले होते पेढ्याच्या दिवशी." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आपल्यात माफ्या अशाच व्हायच्या.

त्या टाकाऊ तारेच्या तुकड्यांतून आणि जुन्या खड्यांतून तू तो हार करायला घेतलास. डाव्या बाजूने पंखा कंपनीचे खडे, जुन्यापासून शेवटपर्यंत. उजव्या बाजूने नव्या तारेची वीण, सुगरणीच्या घरट्यासारखी घट्ट. आणि मधोमध, गळ्याच्या खळगीत येईल असं, एक गोल कोंदण. रिकामं.

"खडा पडला का?" मी विचारलं.

"नाही. ते तसंच आहे. जुनी कंपनी बंद आणि नवी यायची, ती मधली वर्षं. तिथे काही नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. "काही नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे कारखाना नव्हता. काम नव्हतं. पोकळी."

"उज्जू, आई होती तिथे. कंपनी बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती पॉलिहाउसमध्ये गुलाब कापायला गेली. पहाटे उठून. तिचे हात बघ जाऊन. मी थोरली, आम्ही तिघं भावंडं त्या वर्षांत शिकलो. बाबा फाटकावर उभे राहिले. कारखाना नव्हता म्हणून आम्ही नव्हतो का?"

"मग मी तिथे काय बसवू? गुलाब?" तू चिडलीस. "चांदीचा गुलाब? पुन्हा मोर आणि कमळच झालं की ते."

"काय बसवायचं ते मला माहीत नाही. पण रिकामं ठेवशील तर ते खोटं आहे."

"ते खोटं नाही. रिकामं ठेवलं की लोक विचारतील, इथे काय होतं. भरलं की कुणी विचारणार नाही."

आणि प्रामाणिकपणे सांगते, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही थोडं पटलं होतं. पण मी कबूल केलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. प्रशांत चहा ठेवून पळून जायचा. तुझं माझं शेवटचं बोलणंही त्यावरूनच. मी ड्यूटीवर निघाले होते, तू फोनवर म्हणालीस, "रविवारी ये, तुला काहीतरी दाखवायचंय. आणि भांडायची तयारी करून ये." मी म्हटलं, "मी कायम तयारीतच असते." तू हसलीस. फोन ठेवलास. तो रविवार आलाच नाही असं म्हणतात ना लोक, पण आला. मी त्या रविवारी तुमच्या पडवीत बसून होते आणि तुझी सगळी हत्यारं जागच्या जागी होती, हेच मला बघवत नव्हतं. ती कधीच जागच्या जागी नसायची.

मागच्या आठवड्यात मी आईला घेऊन प्रशांतला भेटायला आले होते. त्याला जेवण जात नाही, आईने भाकरी आणि मासवड्या करून आणल्या होत्या. जेवताना आईने अगदी सहज विचारलं, "तिनं माझा आंगटा घेतलावता, त्याचं काय झालं रं?"

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"कसला अंगठा?" मी विचारलं.

"ती आलीवती की. तुज्या पाठीमागं. माझं हात घिऊन बसली लय येळ. ह्यो डाग कशाचा, ह्यो घट्टा कशाचा. कातरीचा, म्हणलं, दुसरं काय. काटं रुतल्यालं बी मोजत बसली येडी. मग मेनाची चकती काडली आन म्हणली, मावशी, हितं आंगटा दाबा. मी म्हणलं, आगं, मला सही येती की! तर लय हसली. म्हणली, सही नको, आंगटाच पायजे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं सांगू नको म्हणलं. सुजाताशी भांडाय मजा येती, तिला आदीच नको सांगू म्हणली."

प्रशांत उठला आणि फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्यामागे, झाकणाच्या डबीत, कापसात गुंडाळलेली मेणाची लहानशी गोल चकती होती. तो म्हणाला, त्याने ती दोनदा फेकायला काढली होती, काय आहे ते कळेना म्हणून परत ठेवली. आईने ती हातात घेतली नाही. "वितळंल," म्हणाली. मी घेतली. अंगठ्याचा खळगा, रेघा, आणि मधे आडवी, कातरीच्या घट्ट्याची गुळगुळीत पट्टी, जिथे रेघा पुसल्या गेल्यात.

मी हाराची पेटी उघडली आणि चकती कोंदणावर धरली. बरोब्बर मापाची होती.

म्हणजे मी जिंकले, उज्जू. आणि मला इतका राग आला तुझा. हे दाखवायचं होतं ना तुला त्या रविवारी? मला बोलावून, आधी अर्धा तास भांडून, मग डबी काढणार होतीस. तुझा चेहरा कसा झाला असता ते मी डोळ्यांसमोर आणू शकते, आणि तेवढ्यावर भागवून घ्यायचंय आता मला. जिंकून करू काय? "काय, सांगत होते की नाही?" असं म्हणायला समोर माणूस लागतं.

बाजारातल्या ज्या दीपककाकांकडे तू ओतकाम करून घ्यायचीस, त्यांच्याकडे घेऊन गेले. मला भीती वाटत होती. साच्यातलं मेण एकदा वितळवलं की गेलं, त्या जागी चांदी ओतायची. चांदी नीट उतरली नाही तर दुसरं मेण नाही. "आईंचा पुन्हा घेता येईल की ठसा," काका म्हणाले. मी म्हटलं, "येईल. पण तो तिने घेतलेला नसेल." त्यांनी मान हलवली आणि मला बाहेर बाकावर बसवलं. तुझ्याबद्दल बोलत होते आतून, भट्टीच्या आवाजात अर्धं ऐकू येत होतं. तुझ्यासारखी कटकट करणारी गिऱ्हाईक पाहिली नाही म्हणाले. महिनाभरात तुझ्याबद्दल ऐकलेलं पहिलं खरं वाक्य.

चांदी चांगली उतरली. कोंदणात त्यांनीच बसवून दिली.

हाराचं काय करायचं, हा प्रश्न होता. प्रशांत म्हणाला, तुझ्याकडेच ठेव. कुणी म्हणालं, मुंबईच्या गॅलरीत दे, उज्ज्वलाचं नाव होईल. मी आंबीला घेऊन गेले आणि आईच्या गळ्यात घातला. ती म्हणाली, "जड हाय." आरशात बघितलं नाही. पदर सारखा केला, अंगठ्याने मधली चकती चाचपली, आणि अंगठा त्या खळग्यात आपोआप बसला. तिने तो तिथेच ठेवला थोडा वेळ. मग म्हणाली, "लगनाला घालीन."

परवा सुदुंबऱ्याला माझ्या आतेभावाच्या मुलीचं लग्न होतं. आई हार घालून आली. नव्या साडीवर तो असा काही दिसत होता, उज्जू, की तू असतीस तर लग्न बाजूला ठेवून फोटोच काढत बसली असतीस. मांडवात बायकांनी तिला घेरलं. सोन्याने मढलेल्या बायका, पण हात हिच्या गळ्याकडे. ह्यो खडा कसला, ही तार सोन्याची का, मधे काय हाय गं, बोट का काय? आई प्रत्येकीला नीट सांगत होती: ह्यो कंपनीचा रंग, ह्यांनी मारल्याला, ही तार सुजाताच्या कंपनीतली, आन ह्यो माझा आंगटा, गुलाबावरचा. मी मागच्या खुर्चीवर होते, तिला दिसत नव्हते.

एका म्हातारीने विचारलं, "कुटं घडवला?"

"घरीच. पोरीनं केला."

"कुन्या पोरीनं, सुजातानं?"

"न्हाई," आई म्हणाली. "थोरलीनं."